नागपूर परिसराचा पुरातत्त्वीय वारसा : आधी काय जपायचे आणि कसे? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नागपूर आणि आसपासच्या तालुक्यांतील शेतकरी, शिक्षक, सरपंच, इतिहासाचे विद्यार्थी आणि शहराच्या कडेला नव्याने राहायला आलेली कुटुंबे जुन्या स्थळांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. विषय दुसऱ्या प्रश्नात येत असेल तेथे त्याचा क्रमांक दिला आहे. कायद्याविषयीची माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे, त्यामुळे प्रत्यक्ष प्रकरणात संबंधित कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्यावे.

१. पुरातत्त्वीय वारसा म्हणजे किल्ले, देवळे आणि लेणीच ना?

एवढेच नाही. माणसाच्या पूर्वीच्या वावराची जी जी खूण जमिनीत, जमिनीवर किंवा पाण्याखाली उरलेली आहे, ती सर्व या वारशात मोडते. ओढ्याकाठी सापडणारी दगडी हत्यारे, पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडातील खापरे, लोखंड गाळताना उरलेली मळी, जुन्या तलावाचा बांध, गावाच्या वेशीवरील वीरगळ आणि सतीशिळा हे सारे त्यात येते. वस्तूइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे ती ज्या थरात, ज्या इतर वस्तूंच्या सोबत पडली आहे तो तिचा संदर्भ. थरातून उपसून काढलेला मणी सुंदर दिसतो, पण तो कोणी, केव्हा आणि कशासाठी घडवला हे सांगण्याची त्याची क्षमता बहुतांशी संपलेली असते. वस्तू मागाहून परत मिळवता येते, संदर्भ मात्र एकदा मोडला की कोणत्याही खर्चाने परत येत नाही. या पानावरील पुढची जवळजवळ सगळी उत्तरे याच गोष्टीवर उभी आहेत.

२. नागपूरजवळ असे काय आहे, की त्याचा एवढा विचार करावा?

पुष्कळ आहे आणि त्यातले बरेच आपल्या रोजच्या रस्त्यांलगत आहे. काटोल रस्त्यावरील जुनापाणी येथे सुमारे तीनशे शिलावर्तुळे आहेत. मोठाले गोटे वर्तुळात मांडून मध्ये दगड, गोटी आणि माती यांचा भराव केलेली ही लोहयुगीन दफने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील आहेत. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने येथील दफनांची माहिती १८७९ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी तेथे उत्खनन केले. काही गोट्यांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत आणि त्यांच्या मांडणीचा आकाशातील दिशांशी संबंध आहे का, याचाही अभ्यास झाला आहे.

जुनापाणी एकटे नाही. टाकळघाट-खापा, माहूरझरी, नाईकुंड, बोरगाव, भागीमोहारी, हिंगण्याजवळील रायपूर अशी स्थळांची मोठी मालिका नागपूरभोवती पसरलेली आहे. माहूरझरीला दफनांत घोड्यांचे अवशेष आणि त्यांचे तांब्याचे अलंकार मिळाले, शिवाय ते गाव मणी घडवण्याचे मोठे केंद्र होते. पेंच नदीकाठच्या नाईकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी उघडकीस आली. पुरातत्त्वज्ञ डॉ. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत केलेल्या या कामामुळे विदर्भाचे लोहयुग भारताच्या इतिहासात ठळक झाले.

त्यानंतरचा काळही तितकाच समृद्ध आहे. कुही तालुक्यातील अडम येथे तटबंदीचे प्राचीन नगर आहे, भंडारा जिल्ह्यातील पवनीला स्तूप आहेत, आणि रामटेक, मनसर व नगरधन हा टापू तर वाकाटकांच्या राजसत्तेचा गाभा आहे. नगरधन म्हणजेच प्राचीन नंदिवर्धन. तेथील अलीकडच्या उत्खननात प्रभावतीगुप्ता हिच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली. नवऱ्याच्या मृत्यूनंतर राज्यकारभार सांभाळणाऱ्या एका राणीच्या कारकिर्दीचा इतका प्रत्यक्ष पुरावा आपल्या जिल्ह्यात मिळावा, ही असामान्य गोष्ट आहे.

३. सगळेच जपायचे म्हटले तर काय बिघडते? प्राधान्यक्रम कशाला हवा?

सगळेच जपावे हे तत्त्व योग्यच आहे. पण माणसे, पैसा आणि वेळ अपुरे असल्यामुळे कोणते काम आधी करायचे हे कोणीतरी ठरवतेच. ते विचारपूर्वक ठरवले नाही, तर ज्या स्थळाला वृत्तपत्रात जागा मिळते किंवा जे पर्यटकांना दिसते, त्याच्याकडे निधी जातो आणि शेताच्या बांधावरील शिलावर्तुळ मुरमाच्या ट्रॉलीत भरून निघून जाते. प्राधान्यक्रम लिहून ठेवल्याने हा निर्णय उघडपणे घेतला जातो, त्यावर हरकत घेता येते आणि अधिकारी बदलला तरी काम पुढे चालू राहते.

४. मग पहिले काम कोणते? नवे उत्खनन, संग्रहालय की संवर्धन?

आमचे स्पष्ट मत असे आहे की नागपूर परिसरासाठी पहिले काम गावनिहाय सर्वेक्षणाचे आणि नोंदीचे आहे, आणि ही नोंद महसूल व नगररचना खात्यांच्या कागदांवर चढवणे हा त्याच कामाचा अर्धा भाग आहे. नवे उत्खनन त्यानंतर.

याची कारणे सांगतो. एक म्हणजे, ज्या स्थळाची नोंद नाही ते नष्ट झाल्याचे कोणाला कळतही नाही. नोंद असलेल्या स्मारकांचीही स्थिती चिंताजनक आहे. भारताच्या महालेखापरीक्षकांनी २०१३ च्या अहवालात, केंद्राच्या संरक्षित यादीतील ९२ स्मारके तपासणीत जागेवर सापडली नाहीत, असे नोंदवले होते. ज्यांची अधिसूचना निघाली आहे, त्यांची ही गत असेल, तर यादीबाहेरच्या हजारो लहान स्थळांविषयी काय बोलावे!

दुसरे कारण नागपूरच्या वाढीत आहे. मिहान, बुटीबोरी आणि हिंगण्याच्या औद्योगिक वसाहती, बाह्य वळणरस्ता, समृद्धी महामार्ग आणि त्यांच्या कडेने झपाट्याने पडणारी अकृषक भूखंडांची आखणी नेमकी त्याच माळरानांवर आणि पठारांवर होत आहे, जी लोहयुगातल्या लोकांनी दफनांसाठी निवडली होती. ही निवड योगायोगाची नाही. नदी-नाल्यांपासून थोडी वर, मुरमाड, शेतीला कमी उपयोगाची जमीन त्यांना दफनासाठी सोयीची होती आणि आज तीच जमीन बांधकामाला स्वस्त आणि पक्की मिळते. त्यामुळे येथे धोका विखुरलेला नसून थेट वारशाच्या जागेवर केंद्रित झालेला आहे.

आणि उत्खनन स्वतःच स्थळाचा तेवढा भाग कायमचा संपवते (प्रश्न १२ पाहा), सर्वेक्षण तसे करत नाही. इकोमॉस या स्मारके व स्थळे यांच्या जतनासाठीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९९० मध्ये लोझान येथे स्वीकारलेल्या पुरातत्त्वीय वारशाच्या सनदेतही सर्वेक्षण आणि याद्या यांना संरक्षणाचा पाया मानले आहे. आपल्याकडे २००७ पासून राष्ट्रीय स्मारके व पुरावशेष अभियान आहे. पण देशपातळीवरच्या माहितीसाठ्यातील ओळ तालुक्याच्या कचेरीत बसलेल्या माणसाला दिसत नाही आणि गौण खनिजाचा परवाना तर त्याच्याच टेबलावरून निघतो.

५. नोंद करायची म्हणजे नेमके काय लिहायचे?

गाव, तालुका, गट क्रमांक, अक्षांश-रेखांश, स्थळाचा प्रकार, अंदाजे विस्तार, सध्याचा वापर, जमिनीची मालकी, दिसणारा धोका आणि तारखेसह छायाचित्रे, इतके पुरेसे असते. भ्रमणध्वनीवरील अक्षांश-रेखांश काही मीटरने चुकू शकतात. त्यामुळे शेजारच्या विहिरीपासून किंवा रस्त्याच्या फाट्यापासूनचे अंतरही लिहावे. शिलावर्तुळांच्या बाबतीत संख्या, प्रत्येकाचा व्यास, किती गोटे जागेवर आहेत आणि किती ढळले आहेत, हे नोंदवावे. वस्तू उचलू नये, खणू नये, गोट्यांवर रंगाने क्रमांक घालू नये.

कोठून सुरुवात करावी, असेही पुष्कळ जण विचारतात. विदर्भाच्या महसुली कागदांत ओसाड पडलेल्या गावांची नोंद 'रिठी' म्हणून असते. या रिठ्यांची यादी तलाठ्याकडून घेऊन त्या जागा पायी फिरल्या, तर जुन्या वस्त्यांची टेकाडे मोठ्या प्रमाणात हाती लागतात. जुने भूमापन नकाशे, इंग्रजकालीन गॅझेटियर आणि गावातील गुराख्यांची माहिती यांना तोड नाही. उपग्रहचित्रे मोकळ्या माळावर चांगली उपयोगी पडतात. दाट झाडीखाली आणि नांगरलेल्या काळ्या मातीत मात्र त्यांवर विसंबू नये.

६. दहा स्थळे धोक्यात असतील तर आधी कोणत्या स्थळाला हात घालायचा?

चार प्रश्न विचारावेत. धोका किती जवळ आला आहे? असे स्थळ आणखी कोठे उरले आहे का? त्याचा किती भाग अजून न ढळलेला आहे? आणि हस्तक्षेप केला, तर तो खरोखर यशस्वी होण्याची शक्यता किती? यांत धोक्याची निकड सर्वांत जड मानावी. पण ती एकटीच पाहिली तर अर्धे नष्ट झालेले स्थळ वाचवण्यात सगळी शक्ती जाते आणि शेजारचे अखंड स्थळ पुढच्या वर्षी जाते. आमच्या मते नागपूरसारख्या प्रदेशात अखंड समूहांना जास्त गुण द्यावेत. एकट्यादुकट्या वर्तुळातून फार थोडे कळते. शेकडो वर्तुळे एकमेकांच्या संबंधात उभी असली, की समाजाची रचना, कुळांची मांडणी आणि कालक्रम यांचा अंदाज बांधता येतो.

वय, सौंदर्य किंवा राजघराण्याशी असलेला संबंध या कसोट्यांना आपल्याकडे गरजेपेक्षा जास्त वजन मिळते. वाकाटकांचे देऊळ जपायलाच हवे, परंतु त्याला बोलणारे पुष्कळ आहेत. नाईकुंडसारख्या ठिकाणी लोखंड गाळणाऱ्या अनाम कारागिरांच्या बाजूने बोलणारा कागदच काय तो असतो.

७. संरक्षित स्मारक कोण ठरवते? केंद्र, राज्य आणि महापालिका यांत फरक काय?

केंद्राची संरक्षित स्मारके १९५८ च्या प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष अधिनियमाखाली येतात आणि त्यांची देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे नागपूर मंडळ पाहते. नागपूर जिल्ह्यातील अनेक शिलावर्तुळ-स्थळे याच यादीत आहेत. राज्याची स्मारके १९६० च्या महाराष्ट्र अधिनियमाखाली पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे असतात. शहरातील वारसा इमारतींचा विषय वेगळा आहे: त्यांची श्रेणीनिहाय यादी प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या चौकटीतील नियमांनी होते आणि महापालिकेची वारसा समिती त्यांवर निर्णय देते. अर्ज चुकीच्या कचेरीत गेल्यामुळे महिने वाया जातात. म्हणून आधी यादी तपासावी.

८. यादीत नाव नसलेले स्थळ कोणीही सपाट करू शकतो का?

दुर्दैवाने, बऱ्याच प्रमाणात होय. संरक्षित स्मारकाचे नुकसान केल्यास २ वर्षांपर्यंत कारावास आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. असंरक्षित स्थळाला हे कवच नाही. मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरण परिणाम मूल्यांकनात सांस्कृतिक मूल्यासाठी कायद्याने संरक्षित असलेल्या जागांची माहिती विचारली जाते, पण जी जागा संरक्षितच नाही तिच्यापुढे 'निरंक' लिहिले जाते. म्हणूनच प्रश्न ४ मधील नोंदीचा आग्रह. विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध झाले की हरकती-सूचनांच्या मुदतीत गट क्रमांकासह अर्ज देऊन ती जागा मोकळी ठेवण्याची मागणी करता येते. शहराबाहेर हा आराखडा नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा असू शकतो. ग्रामपंचायतीचा ठराव सोबत असला, तर अर्जाचे वजन निश्चितच वाढते.

९. शेतात नांगरताना नाणी किंवा मणी सापडले. कळवले तर जमीन जाईल का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि त्यामागची भीती आम्हांला समजते. वस्तू सापडल्याने जमीन आपोआप सरकारजमा होत नाही. एखादे स्थळ केंद्राने संरक्षित करायचे ठरवले, तरी आधी अधिसूचना काढून दोन महिन्यांत हरकती मागवाव्या लागतात, आणि संरक्षित झाल्यानंतरही जमीन खाजगी मालकीत राहू शकते. मालकाशी देखभालीचा करार करण्याची तरतूद कायद्यातच आहे. अर्थात, संरक्षित क्षेत्रात खोदकाम आणि बांधकाम यांवर बंधने येतात, हेही मोकळेपणाने सांगायला हवे.

वस्तूंचे म्हणाल, तर १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची मौल्यवान वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. कळवले नाही, तर शोधणाऱ्याचा हिस्सा जातो आणि शिक्षाही होऊ शकते. पूर्वीच्या मालकाचा हक्क सिद्ध झाला नाही आणि वेगळा करार नसेल, तर शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश वाटा मिळतो. शासनाला तो ठेवा स्वतःकडे ठेवायचा असेल, तर त्यातील द्रव्याची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश एवढी रक्कम देऊन तो संपादन करता येतो.

प्रत्यक्षात काय करावे? नांगर तेथेच थांबवावा. वस्तू धुऊ नये, घासू नये, विशेषतः चिंच किंवा लिंबू लावून नाणी उजळवू नयेत, कारण त्यावरील अक्षरे त्यातच जातात. जागेचे छायाचित्र घ्यावे, तलाठी व पोलीस पाटील यांना कळवावे आणि अर्जाची पोच घ्यावी. सोनाराकडे किंवा फिरत्या व्यापाऱ्याकडे वस्तू नेणे हा सर्वांत मोठा धोका आहे: पैसे थोडे मिळतात, कायद्याचा भंग होतो आणि पुरावा कायमचा जातो. शंभर वर्षांहून जुन्या पुरावशेषांच्या विक्रीवर आणि निर्यातीवर १९७२ च्या अधिनियमाची वेगळी बंधने आहेत. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे.

शेतकऱ्याने प्रामाणिकपणे कळवल्यावर त्याला कचेऱ्यांचे हेलपाटे घालावे लागले, तर गावातला पुढचा माणूस कधीही कळवणार नाही. म्हणून तालुकास्तरावर एक जबाबदार माणूस नेमणे आणि शोधणाऱ्याचा जाहीर सन्मान करणे यांना भावी नियोजनात अगदी वरचे स्थान असावे, असे आम्हांला मनापासून वाटते.

१०. माझे घर संरक्षित स्मारकाच्या जवळ आहे. दुरुस्तीही करता येणार नाही का?

करता येते, परवानगी घेऊन. केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत विनियमित क्षेत्र असते. प्रतिबंधित क्षेत्रात नवे बांधकाम होत नाही. मात्र १६ जून १९९२ पूर्वीच्या किंवा त्यानंतर रीतसर परवानगीने बांधलेल्या घराची दुरुस्ती सक्षम प्राधिकाऱ्याच्या परवानगीने करता येते. विनियमित क्षेत्रात नवे बांधकामही परवानगीने शक्य आहे. अंतर स्मारकाच्या भिंतीपासून मोजत नाहीत, ते संरक्षित हद्दीपासून मोजतात. येथे गैरसमज फार होतो. राज्य संरक्षित स्मारकाजवळ कोणते नियम लागू होतात, हे संचालनालयाच्या नागपूर कार्यालयाकडून लेखी विचारून घ्यावे.

११. रस्ता, धरण, कोळसा यांची गरज नाही का? विकास थांबवायचा का?

गरज आहे, आणि थांबवायचा नाही. प्रश्न क्रमाचा आहे. भूसंपादनाच्या आधी सर्वेक्षण झाले, तर पुष्कळदा आखणी थोडी सरकवून स्थळ वाचते आणि खर्चही वाढत नाही. यंत्रे उतरल्यावर स्थळ दिसले, तर काम रखडते, कंत्राटदार चिडतो आणि घाईत अर्धेमुर्धे काहीतरी उरकले जाते.

बुडीत क्षेत्राचा प्रश्न सर्वांत कठीण आहे, कारण धरणाची जागा सरकवता येत नाही. आंध्रातील नागार्जुनसागर धरणाच्या वेळी १९५४ पासून १९६० पर्यंत नागार्जुनकोंड्याच्या खोऱ्यात मोठ्या प्रमाणावर उत्खनन झाले आणि निवडक वास्तू उंच जागी पुन्हा उभारल्या गेल्या. स्वतंत्र भारताने ठरवले तर काय करता येते, याचे ते उदाहरण आहे. आपल्याकडे बुलडाणा जिल्ह्यातील भोन येथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात प्राचीन स्तूप उजेडात आला आणि तो जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येतो. अशा ठिकाणी प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच पुरातत्त्वीय बचावकार्याची तरतूद आणि पाणी अडवण्यापूर्वीचा पुरेसा काळ हवा.

मुरूम आणि गिट्टी हा त्याहून लहान दिसणारा, पण नागपूर परिसरात अधिक घातक विषय आहे. महाराष्ट्र गौण खनिज नियम, २०१३ खाली परवाने दिले जातात. परवाना देण्यापूर्वी त्या गटात नोंदलेले स्थळ आहे का, एवढी एक तपासणी अर्जात सक्तीची केली, तर शिलावर्तुळांचा सर्वांत मोठा शत्रू निम्म्याहून अधिक आटोक्यात येईल असा आमचा अंदाज आहे.

१२. सगळी स्थळे खोदून एकदाचा इतिहास बाहेर का काढत नाहीत?

कारण खोदलेला थर पुन्हा खोदता येत नाही. जुनापाणीला एकोणिसाव्या शतकात जे खोदले गेले, त्यातून मातीचे नमुने, जळका कोळसा, परागकण किंवा हाडांतील रासायनिक पुरावा मिळवण्याची कल्पनाच त्या काळी नव्हती. आज प्राचीन डीएनएचा अभ्यास होतो. पन्नास वर्षांनी आणखी काय होईल, ते सांगता येत नाही. म्हणून जेथे विनाश अटळ आहे तेथे, किंवा ठोस संशोधनप्रश्न आहे तेथेच खोदावे आणि स्थळाचा मोठा भाग राखून ठेवावा. परवानगीशिवाय खोदणे बेकायदेशीर आहे. असंरक्षित जागेतही राज्य शासनाला पुरातत्त्वीय उत्खननापूर्वी केंद्राची मान्यता घ्यावी लागते.

१३. उत्खननातील वस्तू कोठे जातात? आम्हांला त्या पाहायला का मिळत नाहीत?

काही संग्रहालयांत मांडलेल्या असतात. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, १८६३ चे आहे. मनसरची प्रसिद्ध शिवमूर्ती मात्र दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. उत्खननातील फार मोठा भाग, खापरे, हाडे, मळी, मातीचे नमुने, विद्यापीठांच्या आणि विभागांच्या कोठारांत पेट्यांतून असतो. या कोठारांची डागडुजी, पेट्यांवरील चिठ्ठ्यांचे नूतनीकरण, सूचींचे संगणकीकरण आणि रखडलेले उत्खनन-अहवाल पूर्ण करणे हे प्राधान्यक्रमात नव्या उत्खननाच्या वर असले पाहिजे. अहवालाविना राहिलेले उत्खनन हा केवळ विध्वंस ठरतो. हे शब्द कठोर आहेत, पण ते जाणूनबुजून वापरले आहेत.

१४. रस्त्यात येणारी शिलावर्तुळे उचलून उद्यानात मांडली तर चालेल ना?

अगदी शेवटचा उपाय म्हणून, पूर्ण नोंद आणि उत्खनन झाल्यावर. गोटे हलले तरी दफन, भराव आणि दिशा जागेवरच राहतात, म्हणजे हलते ते फक्त दृश्य. बागेतील मांडणीशेजारी 'मूळ जागेवरून हलवलेले' असा फलक लावणे अनिवार्य असावे.

१५. आमच्या गावचे हेमाडपंती देऊळ मोडकळीस आले आहे. वर्गणीतून जीर्णोद्धार करू का?

देऊळ संरक्षित असेल, तर विभागाच्या लेखी परवानगीशिवाय एक दगडही हलवू नये. पूजाअर्चा थांबत नाही, फक्त बांधकामावर बंधन असते. संरक्षित नसेल, तरी काही गोष्टी कृपया करू नका: मूर्तींना आणि खांबांना ऑइलपेंट, दगडी भिंतीला सिमेंटचा गिलावा, फरशीवर ग्रॅनाइट, आणि शिखरावर काँक्रीटचा नवा बोजा. सिमेंट ओल आत कोंडते आणि क्षार दगडाचे पापुद्रे काढतात. विदर्भातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे अनेक देवळांचा खरा आजार पायाशी असतो. आसपासचे पाणी वाहून जाईल अशी चर आधी काढली, तर निम्मे काम तेथेच होते. दुरुस्तीला चुन्याचा गारा जाणणारा कारागीर शोधावा. पडलेले कोरीव दगड फेकू नयेत. ते क्रमवार मांडून ठेवावेत.

१६. पवनीसारख्या गावात लोक पुराणस्थळावरच राहतात. त्यांना उठवायचे का?

नाही, आणि तशी भाषाही कोणी वापरू नये. पवनीत प्राचीन तटबंदीच्या आत आजचे गाव नांदते आहे. ही वस्तीची अखंडता हाच त्या स्थळाचा मोठा गुण आहे. अशा ठिकाणी उपाय वेगळे लागतात: घराचा पाया, शोषखड्डा किंवा नळाची वाहिनी खोदताना कोणीतरी जाणकार हजर असणे, किती खोलीपर्यंत खोदल्यास जुना थर लागतो याचा नकाशा नगरपरिषदेत असणे, आणि तटावरील अतिक्रमणाचा प्रश्न पुनर्वसनासह सोडवणे. नागरिकांना बंधनांच्या मोबदल्यात काहीच मिळत नसेल, तर ते स्थळाच्या विरोधात जातील आणि त्यात त्यांचा दोष नसेल.

१७. नव्या स्थळाचा ठावठिकाणा समाजमाध्यमांवर टाकावा का?

अचूक जागा टाकू नये. गुप्तधनाच्या नादाने खोदणारे आणि मणी-नाणी विकणारे हीच माहिती शोधत असतात. पावसाळ्यानंतर उघड्या पडलेल्या मण्यांच्या जागा तर विशेष धोक्यात असतात. परंतु सरकारी कागदांपासून ठिकाण लपवणे ही उलटी चूक ठरेल. तपशील कचेऱ्यांत संपूर्ण, जाहीर लिखाणात गावापुरता, असा नियम पाळावा. स्थळ आधीच सर्वज्ञात आणि राखणदार असलेले असेल, तर हा निर्बंध लागू नाही.

१८. जागा वनखात्याची आहे किंवा तेथे गोंड समाजाचे दैवत आहे. मग निर्णय कोणाचा?

येथे सरसकट उत्तर देता येत नाही. वनजमिनीवर वनखात्याच्या कार्ययोजनेत स्थळाची नोंद व्हावी, म्हणजे चर खणताना किंवा रोपवन करताना ते वगळले जाईल. जेथे समाजाची पूजा चालू आहे, तेथे पुरातत्त्वाचा विचार करणाऱ्यांनी आधी त्या समाजाशी बोलावे. शेंदूर लावलेला दगड त्यांच्यासाठी जिवंत दैवत आहे, आणि त्यांची निगराणी हेच पुष्कळदा त्या स्थळाचे एकमेव संरक्षण राहिलेले आहे. पूजा आणि संशोधन यांत संघर्ष उभा राहिल्यास आमचे मत पूजेच्या बाजूने आणि उत्खनन पुढे ढकलण्याच्या बाजूने पडेल.

१९. यासाठी पैसा कोठून येणार?

सर्वेक्षण हे पुरातत्त्वातील सर्वांत स्वस्त काम आहे. त्यासाठी प्रवास, मानधन आणि प्रशिक्षण एवढाच खर्च लागतो. नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागाचे विद्यार्थी आणि तालुक्यातील महाविद्यालये यांना जोडले, तर तो आणखी घटतो. संवर्धनासाठी १९९६ चा राष्ट्रीय संस्कृती निधी, राज्य संरक्षित स्मारकांसाठी महाराष्ट्र वैभव ही संगोपन योजना, आणि कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी असे मार्ग आहेत. वारसा जतन हे कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत मान्य कार्य आहे. रोषणाई आणि प्रवेशद्वार यांसाठी मिळणारा निधी स्वीकारण्यापूर्वी कुंपण, पाण्याचा निचरा आणि राखणदाराचा पगार यांची सोय झाली आहे का, हे विचारावे.

२०. अर्ज दिला, पण उत्तर आले नाही आणि स्थळावर जेसीबी उभा आहे. आता काय?

त्याच दिवशी तहसीलदार, पोलीस ठाणे आणि जिल्हाधिकारी कार्यालय यांना लेखी कळवावे. संरक्षित स्थळ असेल, तर पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळालाही. उत्खननाचा परवाना आहे का, हे विचारावे, कारण विनापरवाना मुरूम काढणे हा महसुली गुन्हा आहे आणि त्या कारणाने काम पुरातत्त्वाच्या कारणापेक्षा लवकर थांबते. यंत्रासमोर उभे राहून वाद घालू नये. आधीच्या अर्जाचे काय झाले, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. तेवढ्यानेही हालचाल झाली नाही आणि स्थळ मोठे असेल, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात दाद मागता येते. तेथे उपयोगी पडतात ती कागदपत्रे म्हणजे पोच असलेले अर्ज, ग्रामसभेचा ठराव, सातबाऱ्याचा उतारा आणि नुकसान होण्यापूर्वीची तारखेसह छायाचित्रे. ती प्रश्न ५ मध्ये सांगितल्याप्रमाणे आधीच तयार असावी लागतात.